हौशी उपग्रह : चैन की गरज?

धुळ्याहून आग्रा रस्त्याने उत्तरेकडे निघाले की वीसएक किलोमीटरवर सोनगीर लागते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खानदेशात नाव असलेले हे गाव. गावाला लागून असलेल्या टेकडीवर एक जुना, आता बराचसा ढासळलेला किल्ला. हा किल्ला तेथे का बांधला, हे समजायला इतिहासाच्या पुस्तकाची गरज नाही. माथ्यावर उभे राहिले की खालून जाणारा व्यापारी रस्ता दूरवर दिसतो. जो उंच, त्याला दूरचे दिसते आणि दूरच्याला तो दिसतो, एवढ्या साध्या तत्त्वावर दख्खनमधील निम्मे किल्ले उभे आहेत. आकाशात फिरणारे दळणवळणाचे उपग्रहही याच तत्त्वावर चालतात.

सोनगीरच्या बाजारपेठेत हातात मावणारे बिनतारी यंत्र घेऊन कोणी बोलू लागला, तर त्याचा आवाज चार-पाच किलोमीटरपलीकडे जाणे कठीण. तोच मनुष्य किल्ल्यावर चढला की धुळे शहर त्याच्या टप्प्यात येऊ शकते. आणि तेवढ्याच शक्तीचे यंत्र, दिशा साधणाऱ्या एका अँटेनासह, त्याने आकाशातून जाणाऱ्या उपग्रहाकडे रोखले, तर? सव्वासहाशे किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या उपग्रहाच्या दृष्टिक्षेपात एका वेळी सुमारे २,७०० किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ असते. तो सोनगीरच्या माथ्यावर असताना काबूल, काठमांडू, ढाका, कोलंबो आणि पोर्ट ब्लेअर ही सारी ठिकाणे त्या वर्तुळात येतात. पाच वॅटच्या, म्हणजे रात्रीच्या छोट्या दिव्याएवढ्या शक्तीवर सोनगीरचा माणूस पोर्ट ब्लेअरच्या माणसाशी बोलू शकतो, तेही मध्ये कोणत्याही कंपनीचा मनोरा, केबल किंवा देयक न येता.

ही कल्पनारंजनाची गोष्ट नाही. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘पीएसएलव्ही-सी६’ या अग्निबाणाने ‘कार्टोसॅट-१’ हा दीड टनाहून जड उपग्रह अवकाशात नेला. तत्कालीन राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम त्या वेळी उपस्थित होते आणि श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या प्रक्षेपणस्थळाचा तो पहिलाच वापर होता. या गाजावाजात त्याच अग्निबाणावरील साडेबेचाळीस किलोच्या दुसऱ्या प्रवाशाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. त्याचे नाव ‘हॅमसॅट’. भारतीय अवकाश संशोधन संस्थेने (इस्रोने) खास हौशी रेडिओचालकांसाठी बांधलेला हा उपग्रह होता. त्यात दोन ट्रान्सपॉन्डर होते. एक भारतात तयार झालेला आणि दुसरा विल्यम लैयनार या हॉलंडमधील विद्यार्थ्याने बनवलेला. एका परक्या देशाच्या विद्यार्थ्याने घडवलेले यंत्र भारताच्या सरकारी उपग्रहात बसवले गेले, या एका गोष्टीवरूनही हौशी रेडिओचे जग इतर तंत्रजगाहून किती वेगळे आहे, याची कल्पना यावी.

हौशी रेडिओचालक म्हणजे काय, हे येथे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण बहुसंख्य वाचकांच्या मनात रेडिओ म्हणजे ऐकण्याचे यंत्र एवढेच समीकरण असते. परीक्षा देऊन, सरकारी परवाना घेऊन, ठरवून दिलेल्या लहरींवर स्वतःच्या यंत्राने जगातील इतर परवानाधारकांशी बोलणारा मनुष्य म्हणजे हौशी रेडिओचालक; लोक त्याला ‘हॅम’ म्हणतात. त्याला दोन मोठी बंधने असतात. या संभाषणातून त्याने पैसा मिळवायचा नाही, आणि जे बोलायचे ते उघड भाषेत, कोणालाही ऐकता व समजता येईल असे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार नियमांत या सेवेची व्याख्याच मुळी स्वयंशिक्षण, परस्परसंवाद आणि तांत्रिक शोध या तीन प्रयोजनांनी केलेली आहे. १९७१ मध्ये अवकाश दळणवळणासाठी भरलेल्या जागतिक परिषदेने या सेवेला उपग्रह वापरण्याचीही स्वतंत्र मान्यता दिली. मनोरंजन हा शब्द त्या व्याख्येत नाही, हे या छंदाला श्रीमंतांचे खूळ समजणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

या उपग्रहांची परंपरा आज साठ वर्षांहून जुनी आहे. पहिला स्पुटनिक १९५७ चा. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ रोजी, कॅलिफोर्नियातील हौशी मंडळींनी तयार केलेला ‘ऑस्कर-१’ अमेरिकन हवाई दलाच्या अग्निबाणावरून अवकाशात गेला. वजन सुमारे साडेचार किलो. अग्निबाणाचा तोल राखण्यासाठी एरवी जेथे निरुपयोगी वजन बसवले जाई, त्या जागी तो बसवला गेला. अग्निबाणापासून त्याला अलग करणारी स्प्रिंग एका सामान्य दुकानातून सव्वा डॉलरहून कमी किमतीला विकत आणलेली होती. हा उपग्रह बोलत नव्हता. मोर्सच्या कडकट्टात फक्त ‘हाय’ एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत होता. परंतु तो शब्द किती वेगाने उच्चारला जातो, यावरून उपग्रहाच्या आतील तापमान ओळखता येत असे. सुमारे तीन आठवडे तो बोलत राहिला आणि २८ देशांतील पाचशेहून अधिक हौशी श्रोत्यांनी आपापल्या नोंदी पाठवल्या. अवकाशातील एका वस्तूची प्रकृती जगभरच्या सामान्य नागरिकांनी आपल्या घरी बसून तपासल्याचे हे बहुधा पहिले उदाहरण होय.

पुढे १९६५ मध्ये ‘ऑस्कर-३’ ने एकाचा संदेश दुसऱ्याकडे पोहोचवण्याचे काम सुरू केले. १९७० मध्ये मेलबर्न विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘ऑस्कर-५’ वर गेला. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी गेलेल्या ‘ऑस्कर-७’ ची कथा तर एखाद्या आख्यायिकेत शोभावी अशी आहे. १९८१ मध्ये त्याची बॅटरी निकामी झाली आणि तो मेला असे सर्वांनी गृहीत धरले. एकवीस वर्षांनी, जून २००२ मध्ये, एका इंग्रज हौशी चालकाला ओळखीचा संकेत ऐकू आला. बॅटरीतील बिघाडाचे स्वरूपच बदलले होते आणि सौर पट्ट्यांची वीज पुन्हा थेट यंत्राला मिळू लागली होती. तेव्हापासून उजेडात आला की तो जागा होतो, पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हाही तो आपले काम करीत होता. पन्नास वर्षांपूर्वीचा दुसरा कोणता दळणवळण उपग्रह आज सामान्य नागरिकाला विनामूल्य वापरता येतो?

तरीही प्रश्न विचारला जाईल, आणि तो विचारलाच पाहिजे. ज्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्यासाठी दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या जिल्ह्यातील करदात्याने चार हौशी लोकांच्या गप्पांसाठी उपग्रह का पोसावा? या प्रश्नाला हौशी रेडिओचे पुरस्कर्ते एक ठराविक उत्तर देतात : आपत्ती. भूकंप झाला, पूर आला, दूरध्वनी बंद पडले की हौशी रेडिओचालकच धावून येतात, आणि म्हणून उपग्रह हवा.

या उत्तरातील पहिला भाग खरा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आणि २००१ च्या गुजरात भूकंपातही हौशी चालकांनी संदेशवहनाचे काम केले. सर्वांत ठळक उदाहरण अंदमानचे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी चालकांचा एक गट बऱ्याच वर्षांनी मिळालेल्या परवानगीवर पोर्ट ब्लेअरला जाऊन जगाशी संपर्क साधण्याचा उपक्रम करीत होता. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, आणि छंदासाठी मांडलेली यंत्रे त्या क्षणापासून बेटांचा मुख्य भूमीशी असलेला दुवा बनली. हजारो कुटुंबांना आपल्या माणसांची खुशाली त्या यंत्रांवरून कळली.

परंतु उत्तराचा दुसरा भाग तपासून पाहिला तर तितका भक्कम ठरत नाही. किल्लारीत, भूजमध्ये किंवा पोर्ट ब्लेअरला जे काम झाले, ते मुख्यतः लघुलहरींवर आणि स्थानिक अतिलघुलहरींवर झाले, उपग्रहावर नव्हे. हॅमसॅटचा जन्मच त्सुनामीनंतर चार महिन्यांनी झाला. शिवाय कमी उंचीवरचा उपग्रह साधारण ९७ मिनिटांत पृथ्वीची एक फेरी पूर्ण करतो आणि एका गावावरून जाताना जास्तीत जास्त बारा-चौदा मिनिटे क्षितिजावर राहतो. हॅमसॅट सोनगीरवरून सकाळी दहा-अकराच्या सुमारास आणि पुन्हा रात्री त्याच वेळेला जात असे. मधल्या दहा तासांत पूर चढला तर तो काय करणार? ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीकाठचे सुरत शहर बुडाले. त्या वेळी हॅमसॅट आकाशात पूर्णपणे ठणठणीत होता. पण तापीच्या पाण्याला उपग्रहाच्या वेळापत्रकाची पर्वा नसते. आपत्तीच्या नावावर या उपग्रहांची मागणी करणारे आपल्याच बाजूचे नुकसान करतात, कारण हा दावा तज्ज्ञाने एका दमात खोडून काढावा असा आहे.

मग त्यांचे खरे प्रयोजन कोणते? ते व्याख्येतच आहे, स्वयंशिक्षण आणि शोध. आणि हे प्रयोजन आपत्तीनिवारणापेक्षा कमी प्रतीचे समजण्याचे काही कारण नाही.

एखाद्या विद्यार्थ्याला उपग्रहाचा संकेत ऐकायचा आहे, असे समजा. प्रथम त्याला उपग्रह केव्हा, कोणत्या दिशेने उगवणार हे काढावे लागते. म्हणजे केप्लरचे नियम पाठ्यपुस्तकातून उठून मनगटावरच्या घड्याळात येतात. मग अँटेना. त्याची प्रत्येक सळई लहरीच्या लांबीच्या ठराविक अंशाएवढी कापावी लागते. १४५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे दोन मीटर लांब, म्हणून सळई साधारण एक मीटर. सोनगीरच्या कारागिराला तांब्याची किंवा पितळेची अशी सळई मापात कापून देणे म्हणजे किरकोळ काम. मग उपग्रह उगवतो आणि संकेत येतो, पण तो एका जागी राहत नाही. येताना त्याची कंप्रता नेमलेल्या आकड्याहून सुमारे तीन किलोहर्ट्झने जास्त असते, डोक्यावरून जाताना बरोबर येते आणि मावळताना तेवढीच खाली घसरते. नरडाण्याच्या स्थानकातून न थांबता जाणाऱ्या गाडीची शिटी येताना चढी आणि जाताना उतरती ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. विज्ञानाच्या पुस्तकात तो एका परिच्छेदात येतो आणि परीक्षेत तीन गुणांना विचारला जातो. येथे मात्र विद्यार्थ्याला यंत्राची खुंटी फिरवीत त्याच्यामागे धावावे लागते. धावताना चुकला, तर उपग्रह थांबत नाही. पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते.

या घसरणाऱ्या आवाजातून केवळ गुण मिळाले असे नाही. तो किती वेगाने घसरतो, यावरून संकेत नेमका कोठून येतो हे उलट गणिताने काढता येते. कॅनडातील संशोधकांनी १९७२ मध्ये सोडलेल्या ‘ऑस्कर-६’ या हौशी उपग्रहाचा उपयोग करून हीच गोष्ट पडताळून पाहिली : जमिनीवर हरवलेल्या विमानाच्या संकटयंत्राचा ठावठिकाणा उपग्रहाच्या मदतीने लागू शकतो काय? लागू शकतो, असे दिसले. त्या प्रयोगांच्या वाटेनेच पुढे अमेरिका, कॅनडा, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांची ‘कॉस्पास-सार्सॅट’ ही शोध व सुटकेची संयुक्त व्यवस्था उभी राहिली. सप्टेंबर १९८२ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात कोसळलेल्या विमानातील तिघे तिच्यामुळे सापडले. तेव्हापासून हजारो खलाशी, वैमानिक आणि गिर्यारोहक तिने वाचवले आहेत. भारतही या व्यवस्थेत सहभागी असून तिची भारतीय केंद्रे बंगळूर व लखनौ येथे आहेत. आपत्तीशी हौशी उपग्रहांचे नाते शोधायचेच असेल, तर ते येथे आहे. ज्या रात्री पूर येतो त्या रात्री ते थेट उपयोगी पडतील याची खात्री नाही. पण त्याआधी दहा वर्षे त्यांच्यावर केलेले प्रयोग त्या रात्री उपयोगी पडतात.

दुसरे उदाहरण उद्योगाचे. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात मार्टिन स्वीटिंग या तरुणाने हौशी रेडिओच्या परंपरेतून एक लहान उपग्रह बांधला. १९८१ मध्ये तो वर गेला. लहान, स्वस्त आणि बाजारात मिळणाऱ्या सुट्या भागांतून बनवलेला उपग्रह अवकाशात टिकू शकतो, हे त्याने दाखवून दिले. त्यातून १९८५ मध्ये विद्यापीठाने कंपनी काढली आणि पुढे तिने अनेक देशांना उपग्रह बांधून दिले. आज मूठभर आकाराच्या उपग्रहांचा जो जागतिक व्यापार दिसतो, त्याच्या मुळाशी हौशी मंडळींचे हे वेड आहे.

महाराष्ट्राने या बाबतीत अगदीच हात आखडता घेतलेला नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील (सीओईपीतील) विद्यार्थ्यांनी सुमारे आठ वर्षे खपून ‘स्वयम्’ नावाचा एक किलोहूनही हलका, दहा सेंटिमीटर बाजूचा उपग्रह घडवला. तो २२ जून २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही-सी३४’ ने वर गेला. दिशा राखण्यासाठी त्यात मोटारी किंवा इंधन नव्हते. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राशी होकायंत्राच्या सुईसारखे जुळवून घेणारे चुंबक होते. हौशी लहरींवरून एका ठिकाणचा संदेश साठवून दुसऱ्या ठिकाणी उतरवणे, हे त्याचे काम. आठ वर्षे म्हणजे विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्या. ज्यांनी आराखडा काढला ते पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडले होते. ज्यांनी उड्डाण पाहिले ते आराखड्याच्या वेळी शाळेत होते. कोणत्याही परीक्षेत याला गुण नाहीत. तीनच महिन्यांनी, २६ सप्टेंबर २०१६ रोजी, मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांचा दहा किलोचा ‘प्रथम’ वर गेला. आयनांबरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हा त्याचा शास्त्रीय हेतू. या हेतूची गंमत अशी की उपग्रह जमिनीवरील श्रोत्यांशिवाय अपुरा होता. संकेत जितक्या ठिकाणी ऐकला जाईल तितका नकाशा भरीव. म्हणून मुंबईच्या मुलांनी इतर महाविद्यालयांना आपापली ग्रहणकेंद्रे उभारायला शिकवण्याचे कामही उपग्रहाबरोबरच हाती घेतले. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईच्याच एका खासगी कंपनीचा ‘एक्सीडसॅट-१’ हा हौशी चालकांसाठीचा छोटा उपग्रह अमेरिकेतून सोडला गेला.

ही सारी यादी अभिमानाने सांगता येते, पण तिच्यात एक खोच आहे. विद्यार्थ्यांचे उपग्रह हे बहुतांशी बांधणाऱ्यांच्या शिक्षणासाठी असतात, वापरणाऱ्यांसाठी नव्हे. ते काही महिने संकेत देतात, बांधणाऱ्यांचा प्रबंध पूर्ण होतो आणि मग शांतता. हॅमसॅटचे तसे नव्हते. तो सार्वजनिक विहिरीसारखा होता. ज्याच्याकडे परवाना व पोहरा आहे त्याने यावे आणि पाणी भरावे. अपेक्षित आयुष्याच्या कितीतरी पुढे, नऊ वर्षे, तो असा चालला. जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्या थकल्या आणि तो गप्प झाला. त्यानंतर इस्रोने एप्रिल २०१९ मध्ये ‘पीएसएलव्ही-सी४५’ च्या चौथ्या टप्प्यावर हौशी चालकांचे एक संदेश-यंत्र बसवू दिले; फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलींच्या शाळांच्या सहभागातून बनलेला ‘आझादीसॅट-२’ ही वर गेला. हे उपक्रम स्तुत्य खरेच. परंतु हॅमसॅटसारखा, अनेकांना एकाच वेळी बोलता येईल असा, वर्षानुवर्षे टिकणारा भारतीय सार्वजनिक उपग्रह त्यानंतर झाला नाही. कतार या छोट्या देशाने मात्र २०१८ च्या नोव्हेंबरात आपल्या दूरचित्रवाणी उपग्रहाच्या पाठीवर हौशी चालकांसाठी कायमची सोय करून दिली. तो भूस्थिर आहे, म्हणजे चोवीस तास आकाशात एकाच ठिकाणी. सोनगीरहून पाहिले तर साक्रीच्या दिशेला, क्षितिजापासून साधारण तीस अंशांवर. घरावरच्या जुन्या दूरचित्रवाणीच्या तबकडीने त्याचे बोलणे पकडता येते, आणि ब्राझीलपासून थायलंडपर्यंतची माणसे त्यावर बोलताना ऐकू येतात. ज्या देशाने मंगळापर्यंत यान पाठवले, त्या देशाच्या विद्यार्थ्याने ऐकण्यासाठी कतारच्या औदार्यावर अवलंबून राहावे, यात काही विसंगती आहे की नाही?

पैशाचा मुद्दा येथे फार टिकत नाही. ऑस्कर-१ तोलाच्या वजनाच्या जागी गेला. हॅमसॅट मोठ्या उपग्रहाच्या बगलेतून गेला. आज त्याच कामाचा उपग्रह हॅमसॅटच्या कितीतरी कमी वजनात बसतो. अग्निबाणावर उरणारी जागा हीच या क्षेत्राची खरी भांडवली गुंतवणूक राहिलेली आहे. अडचण पैशाची कमी आणि वृत्तीची अधिक आहे.

त्या वृत्तीचे एक मूळ जुने आहे. दुसरे महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने हौशी चालकांचे परवाने रद्द केले. १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तो हौशी रेडिओतज्ज्ञाच्या हातच्या यंत्रसामग्रीवरच. परक्या राजवटीला बिनतारी यंत्र बाळगणाऱ्या नागरिकाची भीती वाटावी, हे स्वाभाविक होते. परंतु राजवट गेली तरी फाइलीतील भीती राहिली. १९७८ च्या नियमांनी परवान्याची चौकट घातली, पुढे त्या नियमांत सुधारणाही झाल्या, बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षेला बसता येऊ लागले. तरी परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर परवाना हाती पडेपर्यंत महिनोन्‌महिने वाट पाहिल्याच्या तक्रारी नव्या नाहीत. दहावीत ज्याने अर्ज केला, त्याला उत्तर यायच्या आत त्याची बारावी उजाडते आणि बारावीत कोणत्या घरात बिनतारी यंत्राला हात लावू देतात? वास्तविक ज्याचे बोलणे कायद्यानेच उघड असते, ज्याला सांकेतिक भाषा वापरण्यास मनाई असते आणि प्रत्येक संभाषणात आपले संकेतनाम सांगावे लागते, त्या माणसाइतका निरुपद्रवी बोलणारा आजच्या काळात दुसरा सापडणार नाही.

दुसरा धोका बाजाराचा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. रेडिओलहरी ही जमिनीसारखीच मर्यादित संपत्ती. गावचे गायरान जसे आज ना उद्या कोणाच्या तरी डोळ्यांवर येते, तसे हौशी लहरींचे पट्टे मोठ्या उद्योगांच्या डोळ्यांवर येत असतात. २०१९ मध्ये फ्रान्सने १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा हौशी उपग्रहांचा मुख्य पट्टा विमानसेवेच्या उपयोगासाठी तपासावा, असा प्रस्ताव युरोपातील दूरसंचार प्रशासनांपुढे आणला. जगभरच्या हौशी संघटनांनी विरोध केल्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो मागे पडला. गायरान वाचवायचे असेल तर त्यावर गुरे चरताना दिसली पाहिजेत, हे कोणताही खानदेशी शेतकरी सांगेल. जो पट्टा वापरात नाही, तो मोकळाच आहे असे म्हणायला व्यापाऱ्याला वेळ लागत नाही. काही संस्था हौशी लहरींवर उपग्रह सोडतात, पण त्यातून हौशी चालकांना काहीच देत नाहीत. स्वतःची माहिती उतरवून घेतली की त्यांचे काम झाले. हेही गायरानात कुंपण घालण्यासारखेच आहे आणि भारतीय शिक्षणसंस्थांनी यापुढे उपग्रह आखताना त्यात सर्वांसाठी खुला असा एक तरी भाग ठेवणे आवश्यक आहे.

खानदेशाचा या सर्वांत वाटा कोणता? मुंबई-पुण्याच्या संस्थांनी उपग्रह बांधावेत आणि धुळे-जळगावने वर्तमानपत्रात त्यांची छायाचित्रे पाहावीत, ही वाटणी नैसर्गिक नाही. ग्रहणकेंद्र उभारायला प्रयोगशाळेची वातानुकूलित इमारत लागत नाही. एक संगणक, काही हजारांत मिळणारे ग्राहकयंत्र, हाताने बनवलेला अँटेना आणि भोवताली उंच इमारती नसलेले गच्चीचे छत एवढे पुरते. यांतील शेवटची वस्तू पुण्या-मुंबईत दुर्मीळ आणि खानदेशात मुबलक आहे. शहराचा विद्युत-गोंगाट जितका दूर, तितका उपग्रहाचा क्षीण आवाज स्वच्छ. या बाबतीत सोनगीरची टेकडी पवईच्या वसतिगृहाच्या गच्चीहून सरस ठरावी. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील अंतराळवीर १४५.८ मेगाहर्ट्झवर शाळकरी मुलांशी बोलतात. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला यांनी स्थानकावरून हौशी रेडिओद्वारे बंगळूर येथील विद्यार्थ्यांशी संवाद साधला. स्थानकाचे असे बोलणे साध्या यंत्रावरही ऐकू येते. फक्त ते केव्हा माथ्यावर येणार, हे ठाऊक असावे लागते.

सातपुड्याच्या कुशीत अक्राणी-अक्कलकुव्याकडे आजही अशी गावे आहेत की जेथे मोबाईलचा संकेत टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. तेथील मुलांना उंची आणि संदेश यांचे नाते कोणी शिकवावे लागत नाही. ते रोज ती टेकडी चढतात. अशा आश्रमशाळांत महिन्यातून एकदा जरी शिरपूर वा धुळ्याच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी आपला अँटेना नेऊन उपग्रह ऐकवला, तर त्याला सरकारी योजनेची किंवा उद्घाटनाची गरज पडणार नाही. जळगावच्या विद्यापीठाने दोन-तीन महाविद्यालयांना मिळून एक केंद्र दिले, परवान्याच्या परीक्षेची तयारी करून घेणारा एक वर्ग चालवला आणि पाच वर्षे तो बंद पडू दिला नाही, तर उपग्रह मागणाऱ्यांच्या रांगेत खानदेशचेही नाव लागेल. इस्रोकडे जागा मागायची तर जमिनीवर ऐकणारे किती आहेत, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. हॅमसॅटच्या वेळी त्याचे उत्तर बंगळूर, हैदराबाद आणि मुंबईने दिले होते.